आधीं समर्पण, मग सेवा

दर वर्षीं शाळान्त परीक्षा जवळ आली म्हणजे वरच्या वर्गांतील मुलामुलींना आम्ही एक प्रश्न विचारीत असतों: "शाळा सुटल्यावर पुढें काय करणार?" कोणी वैद्यकीचें नांव घेतो, कोणी यंत्रशास्त्राचें, कोणी बँकेचें; तर कोणी अद्यापि कांहीं ठरलें नाहीं म्हणून मान खालीं घालतो. एखाद्या वर्षीं असाहि विद्यार्थी निघतो कीं, जो हळूच म्हणतो, "सर, मला प्रभूची सेवा करावयाची आहे." हें उत्तर ऐकून शिक्षकाचें मन भरून यावें हें स्वाभाविक आहे, आणि तें येतेंहि. परंतु खरें सांगावयाचें तर त्या आनंदाच्या पाठोपाठ एक धास्तीहि मनांत डोकावते. 'सेवा' हा शब्द आपल्या मंडळींत इतका हाताळला गेला आहे कीं, जुन्या नाण्यावरील छाप पुसट व्हावी तसा त्याचा मूळ अर्थ पुसट होत चालला आहे.

म्हणून यंदाच्या अंकांत विद्यार्थी व पालक या दोघांहिपुढें आम्ही एकच गोष्ट मांडूं इच्छितों. सेवेच्या तयारींतील पहिला धडा सेवा हा नव्हे. समर्पण हा आहे. आणि समर्पण म्हणजे काय, हें समजल्यावांचून जो सेवेस लागतो तो स्वतः थकतो, व ज्यांची सेवा करावयाची त्यांसहि थकवितो.

१. समर्पण म्हणजे काय नव्हे

आपल्यापैकीं कित्येक घरांतून एक वाक्य ऐकूं येतें. मुलास गुण कमी पडले, इच्छिलेल्या ठिकाणीं प्रवेश मिळाला नाहीं, नोकरीसाठीं चार दारीं खेटे घालून झाले, म्हणजे कोणी वडीलधारें माणूस सुचवितें, "नाहींतरी मिशन आहेच. देवाच्या कामाला लाव त्याला." बोलणारा मायेनें बोलतो यांत शंका नाहीं. परंतु त्यानें एकदां मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथाचा पहिला अध्याय उघडून पाहावा. त्या काळचे लोक धडधाकट जनावर आपल्यापाशीं राखीत, आणि आंधळें, लंगडें व आजारी जनावर वेदीपाशीं आणीत. संदेष्ट्यानें त्यांस सरळ विचारलें कीं, अशी भेट तुम्ही आपल्या अधिकाऱ्यापुढें नेऊन ठेवाल काय, आणि तो ती घेईल काय?

येथें गैरसमज होऊं नये. परीक्षेंत कमी गुण मिळालेला मुलगा म्हणजे लंगडें कोंकरूं नव्हे. प्रभूनें आपले पहिले शिष्य गालील समुद्राच्या कांठीं जाळीं टाकणाऱ्या कोळ्यांतून निवडले. त्यांची गुणपत्रिका त्यानें पाहिली नाहीं. दोष मुलाच्या गुणांत नसून देणाऱ्याच्या मनांत असतो. दुसरें सारें मिळत असतां जो येतो, आणि दुसरें कांहींच मिळालें नाहीं म्हणून जो येतो, त्या दोघांसहि प्रभु जवळ करतो. मात्र दुसऱ्यानें आपल्या मनास एक प्रश्न अवश्य विचारावा: उद्यां याहून चांगली नोकरी चालून आली, तर मी येथें राहीन काय?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांसच विचारीत आहों असें नाहीं. पदवी घेऊन आम्ही बाहेर पडलों तेव्हां शाळेंत जागा रिकामी होती, म्हणून शिक्षक झालों. आणि पुढें कित्येक वर्षें त्या नोकरीसच सेवा हें नांव देत होतों. वर्गांत एखादें मूल मंद निघालें कीं संताप येई. कोणी आभार मानले नाहींत तर दिवसभर रुखरुख लागे. ज्यानें स्वतःस देऊन टाकलेलें नसतें, त्याला रोज आपलें कांहींतरी हिरावून घेतलें जात आहे असें वाटत राहतें. एवढी साधी गोष्ट ध्यानीं येण्यास आम्हांला पुष्कळ वर्षें लागलीं. तुम्हांला तितकीं लागूं नयेत, हाच या लेखाचा हेतु.

समर्पण म्हणजे क्षणभराचा उमाळाहि नव्हे. युवक शिबिराच्या शेवटच्या रात्रीं गीत चालू असतां डोळे भरून येतात, हात आपोआप वर होतो. तो क्षण खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें पेरणें आहे, कापणी नव्हे. घरीं परतल्यावर दुसऱ्या दिवशीं आईनें पाणी भरावयास सांगितलें असतां तोच हात पुढें येतो कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

२. समर्पण म्हणजे काय

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायाच्या आरंभीं पौलानें विश्वासणाऱ्यांस विनंती केली आहे कीं, त्यांनीं आपलीं शरीरें देवास जिवंत यज्ञ म्हणून अर्पावीं. यांतील 'जिवंत' हा शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. वेदीवरील पशु एकदां मरतो, आणि त्याचें अर्पण तेथेंच संपतें. जिवंत माणसाच्या ठायीं मात्र इच्छा शिल्लक राहते. आवड राहते, भीति राहते. म्हणून आज दिलेलें त्याला उद्यां पुन्हा द्यावें लागतें.

मग समर्पित माणसास स्वतःची इच्छाच नसावी काय? गेथशेमाने बागेंतील प्रसंग पाहा. आपल्या प्रभूनें त्या रात्रीं आपली इच्छा लपविली नाहीं. पुढें आलेला दुःखाचा प्याला टळावा असें त्यानें बापाजवळ स्पष्ट सांगितलें, आणि मग आपली इच्छा बापाच्या इच्छेखालीं ठेविली. तेंहि एकदां नव्हे, तर तीन वेळां. यावरून समर्पणाची आम्हांस समजलेली व्याख्या अशी: आपल्या मनांत जें आहे तें देवापुढें खरेंखरें सांगणें, आणि सांगून झाल्यावर मूठ उघडी ठेवणें. ज्याला डॉक्टर व्हावयाचें आहे त्यानें तसें देवास सांगावें. इच्छा नाहींच असें सोंग आणूं नये. देव ती मागून घेईल, किंवा शुद्ध करून परत देईल. मिटलेल्या मुठींतून मात्र त्याला कांहीं घेतांहि येत नाहीं व तींत कांहीं ठेवतांहि येत नाहीं.

३. एक उदाहरण: पंडिता रमाबाई

हें सारें शब्दांनीं सांगण्यापेक्षां एका आयुष्यांत दाखविणें अधिक बरें. तें आयुष्य महाराष्ट्रास चांगलें परिचित आहे. पंडिता रमाबाईंचें चरित्र आपण बहुधा स्त्रीशिक्षणाच्या संबंधानें वाचतों. येथें तें समर्पणाच्या दृष्टीनें पाहूं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें आपल्या मुलीस शिकविलें. तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत हें कुटुंब देशभर हिंडलें. दुष्काळांत आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेलीं दोघें बहीणभाऊ भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं या २० वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढें भाऊ वारला. लग्न झालें, आणि दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच १८८२ सालीं पतीहि पटकीनें गेले. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, व त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें गांवोगांव व्याख्यानें देऊन व ग्रंथ लिहून त्यांनीं विधवांच्या शिक्षणासाठीं साह्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत 'शारदा सदन' उघडलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें.

येथवरची हकीकत ऐकून कोणीहि म्हणेल कीं, सेवेस आणखी काय पाहिजे? विद्या होती, धैर्य होतें, त्याग होता. बाप्तिस्मा झाला होता आणि संस्थाहि चालू होती. परंतु रमाबाईंनीं १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत मोकळ्या मनानें कबूल केलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनीं त्यांस आपली खरी स्थिति कळून आली. ख्रिस्ताचा धर्म त्यांस सांपडला होता. स्वतः ख्रिस्त सांपडावयाचा होता. त्या सुमारास हॅस्लम नांवाच्या एका इंग्लिश धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हे गृहस्थ अनेक वर्षें मंडळीपुढें उपदेश करीत होते, आणि एके दिवशीं स्वतःचाच उपदेश चालू असतां त्यांचें स्वतःचें मन पालटलें. म्हणजे सेवा आधीं सुरू झाली होती. समर्पण मागाहून आलें. रमाबाईंनीं या पुस्तकांत आपलें प्रतिबिंब पाहिलें, आणि आपलें पांडित्य व आपलीं सत्कर्में यांवरचा भार काढून तो ख्रिस्तावर टाकिला.

या समर्पणाची कसोटी पुढें थोड्याच वर्षांत लागली. अमेरिकेंतील मंडळानें शारदा सदनास दहा वर्षें साह्य देण्याचें वचन दिलें होतें. ती मुदत संपल्यावर खर्चाची तरतूद असावी म्हणून रमाबाईंनीं पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांव येथें जमीन घेऊन फळझाडें लाविलीं होतीं. बेत शहाणपणाचा होता. इतक्यांत १८९६ सालीं मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडल्याची वार्ता आली. आपल्या तरुणपणींचा दुष्काळ त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. एवढ्या मुलींना पोसण्यास जवळ पैसा नव्हता, ठेवण्यास जागा नव्हती. तरीहि त्या गेल्या, आणि शेंकडों अनाथ मुली व विधवा यांस घेऊन आल्या. तशांत पुण्यांत प्लेगची साथ उद्भवली, आणि इतक्या मुलींना शहरांत ठेवणें अशक्य झालें. तेव्हां केडगांवचें शेत हाच त्यांचा आसरा झाला. फळांच्या उत्पन्नासाठीं घेतलेल्या जमिनीवर माणसें वाढूं लागलीं. हेंच पुढें 'मुक्ति' या नांवानें प्रसिद्धीस आलें. १९०० सालापर्यंत तेथें दीड हजारांच्या घरांत माणसें होतीं, आणि तें कार्य आजहि चालू आहे.

यावरून, बेतच करूं नये, असा अर्थ कोणी काढूं नये. बेत केला नसता तर ती जमीनच हातीं नसती, आणि त्या मुलींना नेऊन ठेवावें तरी कोठें असा प्रश्न पडला असता. रमाबाईंनीं बेत मन लावून केला, आणि देवानें तो मागितला तेव्हां सोडला. या दोन्हीं गोष्टी मिळून समर्पण होतें.

४. समर्पणानें अभ्यास संपत नाहीं

आतां विद्यार्थ्यांनो, या चरित्राचा उत्तरभाग तुमच्यासाठीं मुद्दाम सांगतों. "आपण स्वतःस देवाला वाहिलें, आतां अभ्यासाची काय गरज?" असें म्हणणारे तरुण आम्हांला भेटले आहेत. रमाबाई तर संस्कृताच्या पंडिता होत्या. तरीहि साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्र असावें, या तळमळीनें त्यांनीं मूळ भाषांचा, म्हणजे इब्री व ग्रीक यांचा, अभ्यास केला, आणि पंचेचाळिशीच्या सुमारास भाषांतराचें प्रचंड काम हातीं घेतलें. तें सुमारे १८ वर्षें चाललें. मुक्तींतील छापखान्यांत तेथल्याच मुली व बाया खिळे जुळवीत. ज्यांना दुष्काळांतून उचलून आणिलें होतें त्यांच्या हातांखालून शास्त्राचीं पानें निघूं लागलीं.

हें काम शेवटास येत असतां २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई आईच्या आधीं गेल्या. सर्व कामांत आईचा उजवा हात असलेली, आणि आपल्यामागें कार्य सांभाळील म्हणून जिच्याकडे पाहावें, अशी ती एकुलती एक कन्या. एवढा आघात झाला तरी रमाबाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. भाषांतराचें काम पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. जिवंत यज्ञ पुन्हा पुन्हा करावा लागतो म्हणून वर म्हटलें, तें हेंच. ज्यानें ऐन उमेदींत स्वतःस दिलें त्याला म्हातारपणींहि देणें चुकत नाहीं.

म्हणून गणिताचें पुस्तक मिटून प्रार्थनेला बसणें हें समर्पण नव्हे. प्रार्थना करून गणिताचें पुस्तक उघडणें हें समर्पण होय. आपला प्रभु उघड सेवेस लागला तेव्हां सुमारे ३० वर्षांचा होता. तोंपर्यंतचीं वर्षें नासरेथांत, सुताराच्या घरांत, आज्ञेंत राहून गेलीं. ज्या हातांनीं पुढें कुष्ठरोग्यांस स्पर्श केला, त्या हातांना आधीं लाकूड तासण्याची संवय होती. तुमची शाळा, तुमचें घर, तुमचा वर्ग हेंच तुमचें नासरेथ आहे. रोज करतां येतील अशा तीन गोष्टी सांगतों. पहिली, सकाळीं पुस्तक उघडण्यापूर्वीं दोन मिनिटें थांबून तो दिवस देवास द्यावा. दुसरी, कोणी पाहत नसतांना एक तरी काम असें करावें कीं, ज्याबद्दल आभार मिळणार नाहींत. तिसरी, ज्या सोबत्याशीं पटत नाहीं त्याच्यासाठीं नांव घेऊन प्रार्थना करावी. या तीन गोष्टी महिनाभर केल्या तर समर्पण किती अवघड आहे, आणि त्यापासून मन किती हलकें होतें, हें तुमचें तुम्हांलाच कळेल.

आणखी एक सांगावेंसें वाटतें. सेवा म्हणजे व्यासपीठावरून उपदेश एवढेंच नव्हे. मुक्तींत स्वयंपाक होता, विणकाम होतें, छापखाना होता, गुरेंढोरें होतीं. तेथें प्रत्येक हातास काम होतें, आणि कोणतेंहि काम हलकें समजलें जात नसे. देव कोणास दवाखान्यांत बोलावील, कोणास वर्गांत, कोणास शेतांत, तर कोणास पाळकाच्या कामीं. ठिकाण ठरविणें त्याचें काम. हजर राहणें आपलें.

५. पालकांस विनंती

पालकहो, आतां आपल्याशीं थोडें बोलावयाचें आहे. कांहीं आईबाप मुलाच्या वतीनें स्वतःच नवस बोलून बसतात, आणि मूल मोठें झाल्यावर तें त्याच्या मानेवर जूं म्हणून ठेवतात. दुसरे कांहीं, मूल स्वतः होऊन म्हणूं लागलें असतां, "पगार किती मिळेल?" एवढाच प्रश्न विचारून त्याचें मन मोडतात. दोघांनींहि हन्नेची गोष्ट पुन्हा वाचावी. तिनें शमुवेलास देवाच्या मंदिरांत आणून सोडलें हें खरें. परंतु ती तेवढ्यावर थांबली नाहीं. दर वर्षीं ती त्याच्या मापाचा लहानसा झगा शिवून आणीत असे. मूल देवास दिलें म्हणजे त्याची काळजी संपली असें तिनें मानिलें नाहीं. मुलानें सेवेचा मार्ग धरला तर त्याच्या अंगावर वस्त्र आहे काय, पोटांत अन्न आहे काय, मन थकलें आहे काय, हें आईबापांनीं व मंडळीनें पाहिलेंच पाहिजे. पगाराची चौकशी करणें हें पाप नव्हे. तोच एक प्रश्न विचारणें ही चूक आहे.

याच गोष्टींत आम्हां शिक्षकांसहि एक धडा आहे. आईनें शमुवेलास देऊन झालें होतें. तरीहि रात्रीं देवानें त्यास स्वतः हांक मारिली, आणि उत्तर त्या मुलासच द्यावें लागलें. वृद्ध एलीला ती वाणी ऐकूं आली नाहीं. त्यानें मुलास एवढेंच शिकविलें कीं, पुन्हा हांक आली तर ऐकावयास तयार आहें असें सांग. काय ऐकूं येईल, हें एलीनें सांगितलें नाहीं. पुढें जें ऐकूं आलें तें तर खुद्द एलीच्याच घराविरुद्ध होतें, आणि तेंहि त्यानें मुलास न लपवितां सांगावयास लाविलें. आईनें आणून सोडावें, गुरूनें ऐकण्याची रीत शिकवावी. पण "होय" म्हणणें हें मुलाचें स्वतःचें असावें. दुसऱ्यानें केलेलें समर्पण हें समर्पण नव्हे.

६. मननासाठीं प्रश्न

पुढील प्रश्न घरीं सर्वांनीं मिळून वाचावे, व आपापलीं उत्तरें वहींत लिहावीं. तीं कोणास दाखविण्याची आवश्यकता नाहीं.

(१) माझ्या आयुष्यांतील अशी कोणती इच्छा आहे कीं, जी मीं अद्यापि देवाजवळ स्पष्ट बोलून दाखविली नाहीं?

(२) मी देवाला जें देऊं म्हणतों, तें माझ्याजवळचें उत्तम आहे कीं उरलेलें आहे?

(३) माझा ठरलेला बेत देवानें मोडला, तर त्या जमिनीवर दुसरें कांहीं उगवेल असा विश्वास मला आहे काय?

(४) पालकांसाठीं: माझ्या मुलाविषयींचा माझा हट्ट, आणि देवाची त्याला आलेली हांक, या दोहोंतील भेद मला ओळखतां येतो काय?

यंदाहि परीक्षेपूर्वीं आम्ही वर्गांत तोच प्रश्न विचारूं. कोणी "प्रभूची सेवा" असें उत्तर दिलें तर आम्हांस आनंदच होईल. कोणी "अजून कळत नाहीं, पण ऐकत आहें" असें म्हटलें, तर त्याला आम्ही घाई करणार नाहीं. शमुवेललाहि देवाची हांक पहिल्या वेळीं ओळखूं आली नव्हती. तो तीन वेळां उठून एलीकडे धांवला होता.